पिशवीवरची मासोळी

ओतिलिया रोज सकाळी सहाच्या सुमारास मागच्या दाराने माझ्या स्वयंपाकघरात येते आणि कॉफीचा पहिला घोट घ्यायच्या आधी माझ्या तोर्तियांना नावं ठेवते. त्या दिवशीही ठेवली.

“कोमाद्रे, ही पोळी आहे की ट्रकमधली मॅट?”

“खायची तर खा. नाहीतर स्वतः लाट.”

“मी लाटायला लागले तर तुझा नवरा माझ्याकडे राहायला येईल.”

माझ्या थोरलीच्या बाप्तिस्म्याला पोरीला हातावर धरलं होतं ते ओतिलियाने. तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. दोन घरांमधल्या कुंपणाला एक फट आहे. ती बुजवायची असं बावीस वर्षं ठरतंय.

मार्च लागला होता. खोऱ्यातला गहू ओंबीवर आला होता आणि खिडकीतून तो कोवळा, ओलसर वास आत येत होता. मी बीन्स घोटत होते, म्हणून तिला म्हटलं, तव्यावरची उलट जरा. तिच्या उजव्या हातात कप होता. तिने डाव्याने चिमटीत धरली, आणि पोळी थेट जमिनीवर.

“हा डावा हात ना,” ती म्हणाली, “देवाने नुसता बाही भरायला दिलाय मला.”

हसताना तिच्या खालच्या ओठावर मला काळसर ठिपका दिसला. आठवडाभर रोज सकाळी दिसत होता. मी म्हटलं, पूस तो. तिने अंगठ्याने पुसला, तर तो पसरला. “कॉफी असेल,” ती म्हणाली. मीही सोडून दिलं. कॉफी अशी जांभळट काळी नसते, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तेवढ्यात समोरच्या दारावर टकटक झाली.

आमच्या गल्लीत समोरचं दार कुणी वाजवत नाही. लोक फाटकातूनच हाक मारतात. दार वाजलं म्हणजे एक तर सरकारी माणूस, नाहीतर कुणीतरी गेल्याची बातमी. मी हात पुसत गेले. दारात गहू केंद्राचे इंजिनिअर एरिबेर्तो उभे होते. टोपी काढून काखेत धरलेली आणि हातात कागदाची अरुंद पांढरी पिशवी.

“दोन्या ओती इथेच असतात ना सकाळच्या?”

“असतात. या ना, कॉफी घ्या.”

ओतिलियाला केंद्रात सगळे मानाने दोन्या ओती म्हणतात. इंजिनिअरनी कॉफी घेतली नाही. टेबलावर ओतिलियासमोर पिशवी ठेवली आणि म्हणाले, “ही खूण कुणाची, सांगा.”

ओतिलियाचं काम काय, ते इथे सांगायला हवं. गव्हाच्या दोन जातींचं लग्न लावायचं असलं की एका ओंबीतले नर आधी काढून टाकावे लागतात. प्रत्येक फुलात परागाच्या तीन बारीक पिशव्या असतात, अजून हिरव्या, तिळाहून बारीक. त्या चिमट्याने एकेक उचलायच्या. एकसुद्धा राहता कामा नये. मग ओंबीवर कागदाची पिशवी चढवायची. तिसऱ्या दिवशी दुसरी बाई येते, पिशवी उघडते, फुलांची टोकं कात्रीने छाटते, दुसऱ्या जातीची पिकली ओंबी आत धरून गरागरा फिरवते आणि पिशवी पुन्हा बंद करते. पिशवीवर पेन्सिलीने दोन खुणा होतात. पहिली नर काढणारीची, दुसरी पराग घालणारीची. हंगामाच्या आधी प्रत्येकजण वहीत आपल्या नावासमोर आपली खूण काढून देतो. पुढे दाणा चुकीचा निघाला तर कुणाचा हात चुकला हे कळावं म्हणून. ज्या पिशवीवरची खूण वहीत नाही ती फाडायची आणि दाण्यांसकट जाळायची. केंद्रात कुणी कितीही मोठा शास्त्रज्ञ येवो, कुठल्याही देशाचा, या नियमापुढे त्याचं चालत नाही.

ओतिलियाची खूण साधी फुली. सव्वीस वर्षं तिची फुली पहिली असायची आणि तिच्याशेजारी मासोळी. मासोळी तिच्या धाकट्या बहिणीची, कूकाची. एकाच रेघेत काढलेली, तोंड उजवीकडे, कारण कूका डावखुरी. शाळेतल्या बाईंनी तिचा डावा हात वर्षभर रिबिनीने बांधून ठेवला होता. रिबीन सुटली त्या दिवशी तिने फळ्यावर डाव्या हाताने बाईंचंच चित्र काढलं. शाळा तिथेच संपली.

टेबलावरच्या पिशवीवर फिकट फुली होती. तिच्याशेजारी गडद, जांभळट काळी मासोळी. तोंड उजवीकडे.

“कूकाची आहे,” ओतिलिया म्हणाली.

“दोन्या ओती, कूका ऑगस्टमध्ये गेली.”

“मला सांगता? तिचे केस मी विंचरले. तिची कात्री मी तिच्या हातात ठेवली, पेटी बंद करायच्या आधी.”

इंजिनिअर खुर्चीवर बसले. असल्या एकेचाळीस पिशव्या सापडल्या होत्या. सगळ्या राबेयाच्या वाफ्यातल्या. राबेया ही बांगलादेशातून शिकायला आलेली मुलगी. तिच्या जिल्ह्यात एका वर्षी गव्हाच्या ओंब्या आठवड्याभरात पांढऱ्याफटक पडल्या होत्या आणि लोकांनी उभी शेतं पेटवून दिली होती. त्या रोगाला टिकेल असा गहू करायला ती आली होती. हा हंगाम हुकला तर तिला आणखी वर्षभर थांबावं लागलं असतं, आणि तिला मिळालेली रजा मेपर्यंतच होती.

“यादिराने पराग घालायला हवा होता,” इंजिनिअर म्हणाले. यादिरा ही कूकाच्या जागी घेतलेली नवी मुलगी. “ती म्हणते, मी तिसऱ्या दिवशी गेले की तोपर्यंत झालेलंच असायचं. तिला वाटलं, मीच दुसऱ्या कुणाला सांगितलंय. खुशाल सावलीत बसून राहायची.”

“एवढी मोठाली नखं लावून चिमटा धरणारी पोरगी,” ओतिलिया म्हणाली, “बसून राहिली तेच बरं.”

इंजिनिअरना हसू आलं नाही. त्यांनी खिशातून उघडलेली एक ओंबी काढली. “छत्तीस फुलं, छत्तीस दाणे. हाताने घातलेला पराग असा कधी धरत नाही. चांगला हात असला तर पंचवीस. छत्तीसच्या छत्तीस भरतात ते ओंबीत नर राहिला तरच.” त्यांनी ओंबी टेबलावर ठेवली. “म्हणजे दोनच गोष्टी. एक तर कुणीतरी मेलेल्या बाईची थट्टा मांडलीय. नाहीतर तुमचे डोळे गेलेत, आणि ते झाकायला तुम्ही स्वतःच…”

“माझे डोळे?”

“आज अकरापर्यंत राबेयासमोर दहा ओंब्या साफ करून दाखवा. एकीतही नर राहिला तर उद्यापासून येऊ नका. आणि मासोळी या वर्षीच्या वहीत नाही, म्हणून त्या एकेचाळीस पिशव्या काही झालं तरी आज संध्याकाळी भट्टीत जातील.”

त्यांनी टोपी घातली, मला “माफ करा, सेन्योरा” म्हटलं आणि गेले. बायकांना शेतावर नेणारा ट्रक त्यांनी आधीच पुढे पाठवला होता. ओतिलियाने पिशवीवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा, आंधळ्या माणसाने चेहरा चाचपावा तसा. मग म्हणाली, “कोमाद्रे, मला सोडतेस?”

कालव्याच्या कडेने मी पिकअप चालवत होते. तीच बोलत होती. बाप खाडीवरचा कोळी, बुडून गेला. दोघी बहिणी या केंद्रात आल्या तेव्हा ओतिलिया एकोणीसची, कूका सतरा. पहिल्याच हंगामात पर्यवेक्षकाने दोघींना जोडीला लावलं. एकीने काढायचं, एकीने घालायचं. बोट धरून कुणाची ओळख करून दिल्यासारखं कूका पराग घालायची, गाणं पुटपुटत, पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं करत. ओलं केलं की पिशव्यांवर लिहायची ती पेन्सील गडद, जांभळट उमटते. ओतिलिया तिला ओरडायची, विष जाईल पोटात. कूका म्हणायची, जाऊ दे, आतून छान रंगेन. दोघींनी लग्न केलं नाही. “दिवसभर दुसऱ्यांचीच लावायची,” ओतिलिया सांगायची, “आपल्याला वेळ कुठे?” त्यांच्या हातचे दाणे तुर्कस्तानला गेले, इथिओपियाला, नेपाळला. या दोघी कधी खोऱ्याबाहेर गेल्या नाहीत.

“या वर्षी ट्रकमध्ये माझ्या डाव्या बाजूला यादिरा बसते,” ती मध्येच म्हणाली. “म्हणते, तिथला पत्रा बर्फासारखा लागतो. मार्चमध्ये! मी म्हटलं, पोरी, चोळी जरा लांब घाल.”

कूका सव्वीस वर्षं तिच्या डाव्या बाजूलाच बसायची. हे आम्हा दोघींना माहीत होतं.

राबेयाचा वाफा शेताच्या पार टोकाला होता, टेकडीच्या बाजूला. हजारो ओंब्या आणि त्यांच्यावर हजारो पांढऱ्या पिशव्या. वारा आला की त्या सगळ्या एकदम बोलू लागत, पाद्री यायच्या आधी चर्चमध्ये कुजबूज असते तशी. वारा थांबला की चिडीचूप. राबेया डोक्याला रुमाल बांधून, भिंग गळ्यात अडकवून उभी होती, शेजारी यादिरा. तिने ओतिलियाचा हात धरला आणि मोडक्यातोडक्या बोलीत म्हणाली, “खाला, मी असं सांगितलं नाही. ते म्हणाले.” तिच्याकडे मावशीला खाला म्हणतात.

“माहितीये गं. भिंग पूस, धूळ बसलीय.”

ओतिलिया छोट्या स्टुलावर बसली आणि कामाला लागली. मी तिचं काम इतक्या जवळून पहिल्यांदा पाहत होते. डावा हात ओंबी नुसता टेकवून धरत होता आणि उजवा चालत होता. ती ओंबीकडे पाहतच नव्हती. तिची नजर टेकडीवर होती. तिच्या बुबुळांवर पातळ सायीसारखं काहीतरी आलेलं मला उन्हात स्पष्ट दिसलं. बारीक पाहणारे डोळे खरंच गेले होते. बोटं मात्र गेली नव्हती. राबेया एकेक ओंबी भिंगाखाली फूल उघडून पाहत होती आणि इंजिनिअर मोजत होते.

“शून्य,” राबेया म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा, “शून्य.” दहाव्या ओंबीलाही शून्य.

इंजिनिअरनी कपाळ पुसलं. “ठीक. म्हणजे नर राहिला नव्हता. मग ते छत्तीस…”

अकरा वाजले असावेत. केंद्राचा भोंगा लांबून ऐकू आला. वारा पडला. सगळ्या पिशव्या थांबल्या.

ओतिलिया उठली. स्टूल तिथेच राहिलं. ती दोन ओळी ओलांडून तीन दिवसांपूर्वी साफ केलेल्या ओंब्यांपाशी गेली. कुणी सांगितलं नव्हतं. तिने एप्रनच्या खिशातून कात्री काढली. डाव्या हाताने.

मी यादिराकडे पाहिलं. तिने माझा दंड धरला आणि नखं रुतवली.

सकाळी ज्या हाताने पोळी उलटता आली नव्हती तो हात आता फुलांची टोकं अशी छाटत होता जशी कुणी आयुष्यभर दुसरं काही केलंच नाही. तिरका छेद, डावीकडून. मग तिने पिकली ओंबी घेतली, पिशवीत धरली, दोन बोटांत फिरवली, आणि तोंडाने काहीतरी पुटपुटू लागली. सूर मला ओळखीचा होता. कूका अंगणात कपडे वाळत घालताना तोच म्हणायची. ओतिलियाला सूर नाही. चर्चमध्ये ती नुसते ओठ हलवते, हे गल्लीतली पोरंसुद्धा सांगतील. त्या दिवशी एक स्वरही चुकला नाही.

तिच्या भोवतालच्या हातभर जागेतल्या पिशव्या सळसळत होत्या. फक्त तेवढ्याच. बाकीचं शेत निश्चल होतं.

तिने कानावरची पेन्सील काढली, टोक जिभेवर ओलं केलं आणि फुलीशेजारी एका रेघेत मासोळी काढली. तोंड उजवीकडे. मग पुढची ओंबी. पाच झाल्या. कुणी हललं नाही. इंजिनिअर देवाला हात जोडणाऱ्यांतले नव्हेत, पण त्यांचा उजवा हात छातीवर क्रूस करत होता.

सहाव्या ओंबीवर तिचा हात थांबला. कात्री उजव्या हातात आली. ती वळली आणि आमच्याकडे पाहून म्हणाली, “यादिरा कुठाय? पराग पिकून चाललाय आणि ही महाराणी—” तेवढ्यात तिला यादिरा दिसली. “इथेच आहेस! मग उभी काय राहिलीस? आणि मी इथे कशी आले?”

तिच्या खालच्या ओठावर जांभळट काळा ठिपका होता. ओला.

राबेया तिला त्या पाच पिशव्यांकडे घेऊन गेली. ओतिलियाने जवळ जाऊन, नाक टेकवून पाहिलं. बोट लावलं. ओला रंग बोटाला लागला. मग तिने डावा हात उन्हात धरला आणि पालथा-उताणा करून पाहिला, दुसऱ्याची वस्तू परत करण्याआधी पाहतात तसा.

“दोन्या ओती,” इंजिनिअर अगदी हळू म्हणाले, “लहानपणी तुम्हीही डावखुऱ्या होता का?”

“डाव्या हाताने मला बीन्समध्ये मीठ टाकता येत नाही. हिला विचारा.”

मी मान हलवली.

“हे पाहा,” ते म्हणाले. घाईने बोलत होते, लवकर निघून जायचं असल्यासारखे. “नर राहिला नव्हता. पराग आमच्या डोळ्यांसमोर घातला गेला. दाणे खरे आहेत. वही तेवढी अडते. ती मासोळी खोडा, शेजारी दुसरी फुली काढा. भट्टीत काही जाणार नाही.”

“नाही.”

“दोन्या—”

“मी सव्वीस वर्षं दुसऱ्याच्या कामावर माझी खूण केली नाही. आज करू?” तिचा आवाज चढला नाही. “हे काम माझं नाही, इंजिनिअर. माझं काम फुलीपर्यंत. जाळायचं असेल तर जाळा.”

राबेयाचा चेहरा उतरला. ती मातीत बसली. एकेचाळीस आणि आजच्या पाच पिशव्या. तिच्या गावातले लोक रोग आलेलं शेत पेटवायला स्वतःच्या हाताने रॉकेल कसं शिंपडत होते, हे तिने आम्हाला एकदा कॉफी पिताना सांगितलं होतं, एकाही अश्रूशिवाय. आता तिचे डोळे भरले, नाक ओढल्याचा आवाज आला. ओतिलियाला ते दिसलं नसावं, पण तिने ऐकलं. ती चुळबुळली.

मग राबेयाच म्हणाली, एकेक शब्द शोधत, “वहीत लिहा. नाव एक. ओतिलिया. हात दोन. उजवा, फुली. डावा, मासोळी. वहीत हात लिहायला मनाई आहे?”

वहीत माणसाला एकच खूण असावी असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. कुणाला तशी गरजच पडली नव्हती.

गाडीच्या बॉनेटवर वही उघडली. ओतिलियाच्या ओळीत फुली होतीच. इंजिनिअरनी शेजारी ‘डावा हात’ लिहिलं आणि म्हणाले, “समजून सही करा. या हाताचं काही चुकलं तर जाणार तुम्हीच. तो हात कुणाचा होता, हे मला वरच्यांना सांगता येणार नाही.”

“ती चुकत नाही,” ओतिलिया म्हणाली, आणि सही केली. मासोळीसाठी तिने पेन्सील डाव्या हातात घेतली. जमेना. रेघ वाकडी गेली, लहान मुलासारखी. ती थांबली आणि वाट पाहत राहिली. आम्हीही वाट पाहिली. भर उन्हात माझ्या मानेवर गार झुळूक आली. मग मासोळी झाली, एका रेघेत.

इंजिनिअरनी वही घाईने मिटली. “झालं. आता आणखी काही हवंय का तुम्हाला? डोळ्यांसाठी डॉक्टर? सावलीतलं काम? सांगा, करू.”

ओतिलियाने ओठ पुसले. ठिपका पसरला.

“डॉक्टर नको,” ती म्हणाली. “उद्यापासून यादिराला ट्रकमध्ये दुसरीकडे बसवा. माझ्या डाव्या बाजूची जागा रिकामी ठेवा.”